फिरतीवर जेवण सांभाळायचं कसं? (लातूर-नांदेड-परभणी)

फिरस्ता_लातूर:
मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, दवाखाने आणि मेडिकल फिरतो. आठवडाभर लातूर, अहमदपूर, नांदेड, परभणी असा फिरायलोय. वय ३९. परवा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ६.१ आली. डॉक्टर म्हणले, अजून शुगर लागली नाही, पण उंबरठ्यावर आहात, जेवण सुधारा. घरचं सुधारलं. सकाळी ज्वारीची भाकरी, मेथी नाहीतर अंबाडी, वर कारळाची चटणी. अडचण दुपारची. ओपीडी संपायची वाट बघत तीन वाजतात, मग दवाखान्यासमोरचा वडा, नाहीतर ढाब्यावर शेवभाजी आणि बटर रोटी. डबा उन्हाळ्यात डिकीत आंबतो. मित्र दीक्षित सरांचं दोन वेळा जेवायचं पाळतो, मला ते झेपत नाही. पंधरा दिवस नीट चालतं, मग कुठली तरी पार्टी येते आणि सगळं मोडतं. कायम टिकेल असं सांगा. ओट्स आणि सॅलड सांगू नका, अहमदपूरला ते कोण देणार?

ढाबेवाली_मावशी:
दादा, आमचा ढाबा नांदेड रोडलाच आहे. भट्टी मालक बघतात, भाकरी आणि गल्ला माझ्याकडं. आतलं सांगते.

ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात होते. कांदा, खोबरं, शेंगदाणे, आणि तेल सैल हातानं, कारण तर्री दिसली नाही तर गिऱ्हाईक भाजीला नाव ठेवतं. मेनूवर पनीर, शेव, काजू, अंडा अशी वीस नावं असू द्या, बहुतेकांचा रस्सा तोच. तिथं "तेल कमी घाला" म्हणून काही होत नाही, ते कधीच पडलेलं असतं. पोरगं "हो साहेब" म्हणतं आणि तेच आणून ठेवतं.

काही पदार्थ मात्र ऑर्डर आल्यावरच होतात, तेच मागायचे. डाळ नुसती शिजवून ठेवलेली असते, फोडणी नंतर बसते. "तडका निम्मा" म्हणलं की निम्माच पडतो. पिठलं ताजं घोटतो. पालेभाजी कढईत तेव्हाच परततो. पापड भाजलेला सांगा, नाही सांगितलं तर तळलेला येतो.

भाकरीची वेळ पाळा. आमची थापणारी बाई अडीचला घरी जाते, त्यानंतर तंदूरच, आणि आमच्या तंदूर रोटीत मैदा असतो, खोटं कशाला बोलू. उशीर होणार असेल तर एक वाजता फोन करा, दोन भाकऱ्या कापडात गुंडाळून ठेवतो. ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी कोणीही ठेवतं. म्हणून रोज नवा ढाबा धरू नका, गावागणिक एकच धरा. चार वेळा तेच ताट मागितलं की पोरगं विचारायचंही सोडतं. मेनूकार्ड हातात आलं की जीभ बोलते, हे मी गल्ल्यावर बसून रोज बघते.

गुरुजी_परभणी:
मावशींचं पटलं, एक भर घालतो. आपल्याकडं ज्वारीला औषध समजायची रीत पडली आहे. मला जुनी शुगर आहे. तीन भाकऱ्या रश्श्यात कुस्करून खाल्ल्या की मीटरवर आकडा चढतोच, जेवणानंतर दोन तासांनी स्वतः तपासून बघा. आमच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण लोह आणि जस्तासाठी चांगलं, पण शुगर उतरवायला ते काढलेलं नाही. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था अर्धं ताट भाज्या-फळांचं भरा म्हणते. ढाब्यावर ते कांदा, काकडी, मुळा आणि एक हाफ पालेभाजी मागून होतं. दोन भाकऱ्यांवर थांबा.

आणि एमआर लोकांच्या चहाचं कोणी बोलत नाही! प्रत्येक मेडिकलवाला पाजतो, प्रत्येक कपात साखर. बिनसाखरेचा मागा, नाहीतर अर्धाच घ्या. गाडीत फुटाणे ठेवा, ते उन्हात आंबत नाहीत. अकराला मूठभर खाल्ले की तीनचा वडा एवढा खुणावत नाही.

फिरस्ता_लातूर:
फुटाणे आजच घेतले. पण पार्टीचं काय? स्टॉकिस्ट बिर्याणी सांगतो, नको म्हणलं की तोंड पाडतो. आणि येळवस (वेळ अमावस्येचा शेतातला सण) येतेय, सासुरवाडीला रानात पंगत असते.

ढाबेवाली_मावशी:
बिर्याणी खा की! सोबतची कोल्ड्रिंकची बाटली आणि नंतरचं गोड सोडा. दुसऱ्या दिवशी उपास करू नका, उपाशी माणूस आमच्याकडं येतो आणि जेवणाआधीच भज्याची प्लेट संपवतो. उठल्यावर नेहमीची भाकरी-भाजी, दुपारी नेहमीचं ताट, बस.

येळवशीला कशाला घाबरता? भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे, मिसळभाजी; तिच्यात हिरवी तूर, मटार, हरभरा, पालेभाज्या. एवढ्या शेंगा आणि पाला तुमच्या पोटात वर्षभरात एका दिवशी जात नसेल. ती दोनदा वाढून घ्या, आंबीलही प्या. पिठाचे उंडे मोजून. खीर वाटीभर, आणि सासूबाई दुसऱ्यांदा वाढायला आल्या की वाटीवर हात ठेवा.