नाटकाच्या जाहिरातीतली अक्षरे

शहरातले फलक आणि जाहिराती म्हणजे निव्वळ दृश्य-प्रदूषण, त्यातून चित्रकाराने काय घ्यायचे, हे इथल्या चर्चेत मांडले गेलेले मत फ्लेक्सपुरते मान्य आहे. मराठी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींना मात्र ते मुळीच लागू पडत नाही. तिथे जागा थोडी आणि तीही मोजून विकत घेतलेली, कागद शाई शोषणारा, त्यामुळे छायाचित्र धड उमटण्याची खात्री नसे, आणि नाटक गंभीर आहे की फार्स हे सांगण्याचा भार शीर्षकाच्या अक्षरांवरच पडे. अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी तो अनेक दशके पेलला. शिरोरेषा कुठे तोडायची, वेलांटी किती ताणायची, एवढ्यावर ते नाटकाची प्रकृती सुचवत. कलाशाळेचे तोंडही न पाहिलेले आम्ही काही जण त्या कात्रणांवरूनच अक्षरे गिरवायला शिकलो.

या चर्चेत र. कृ. जोशी यांचे नाव कसे आले नाही, याचे नवल वाटते. 'उल्का' या जाहिरातसंस्थेत काम केलेल्या, पुढे पवईच्या आयआयटीत शिकवणाऱ्या या सुलेखनकारानेच विंडोज २००० सोबत आलेला 'मंगल' हा देवनागरी टंक (फॉन्ट) घडवला (तो मला काहीसा रुक्ष वाटतो, ते असो), आणि सरकारी परिपत्रकांपासून लग्नपत्रिकांच्या कच्च्या मसुद्यांपर्यंत तो सर्वत्र पोहोचला.