केमोनंतरचा फोड

अ-३०२ (रात्री ९:३८): मंडळी, बाबांच्या केमोला आज दहावा दिवस. सकाळी मांडीच्या आतल्या बाजूला मसुराएवढा लाल ठिपका होता. आता फोड झालाय, मधोमध जांभळट-काळा. दुखत नाही म्हणतात. उष्णतेचा असेल काय? उद्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं म्हणतोय.

क-१०१ काका: उष्णताच ती. सब्जा द्या, कोरफड लावा. आमच्या हिलाबी झालतं.

ब-२०४ सिस्टर: दादा, काहीही लावू नका. आधी ताप बघा. तापाची गोळी दिलीय काय?

अ-३०२: सहाला एक दिली. आत्ता १०१ आहे.

ब-२०४ सिस्टर: म्हणजे गोळी घेऊनसुद्धा १०१! उद्यावर ढकलू नका, आत्ता निघा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या नसल्या की पू होत नाही, फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस फसतो. कॅन्सर वॉर्डात असताना एका आजोबांचा असाच ठिपका बघितलाय. संध्याकाळी लाल, दुसऱ्या दिवशी काळी खपली आणि भोवती लाल कडं. घरच्यांनी हळद लावून रात्र काढली होती. रक्तात स्यूडोमोनास जंतू निघाला. हे बहुतेक वेळा नुसतं कातडीचं दुखणं नसतं, रक्तातला जंतू कातडीवर दिसतो. काख, जांघ, बैठक या जागा रोज बघायच्या. पोचल्या पोचल्या ‘केमो झालीय आणि ताप आहे’ एवढंच आधी सांगा. तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून सुरू व्हायला हवं, त्याआधी रक्त कल्चरला (कुठला जंतू आहे ते वाढवून बघायला) घेतील. केमोची फाईल घ्या.

अ-१०४: सिस्टर, आईची किडनी बदललीय, स्टिरॉइड चालू आहे. तिलाही हे लागू?

ब-२०४ सिस्टर: हो ताई. स्टिरॉइडवर ताप कधीकधी येतच नाही. नवा काळा डाग, काचेचा ग्लास दाबून न फिकटणारे ठिपके, किंवा अंगभर बारीक गुलाबी पुळ्या आणि स्नायू ठणकणं (हे कॅन्डिडा बुरशीचंही असतं), यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना फोन करा.

क-१०१ काका: चुकलं माझं. गाडी गेटला लावतो, बाबांना खाली आणा. रविवारचं रंकाळ्याला गर्दी असतीया, रिंगरोडनं जाऊया.

अ-३०२ (रात्री १२:५०): ॲडमिट केलं. पांढऱ्या पेशी ४००, फारच कमी. रक्त घेतलं, फोडातलाही नमुना घेतला, अँटिबायोटिक सुरू झालंय. काका अजून खाली गाडीत बसलेत, घरी जा म्हटलं तर ऐकेनात.