मदत हवी आहे: टंगस्टन दिव्यावर स्टेफानचा नियम, उतार ४ येत नाही

स्टेफानचा नियम: तापलेल्या वस्तूने प्रारणाने बाहेर टाकलेली शक्ती P ही निरपेक्ष तापमान T च्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते, म्हणून log P–log T आलेखाचा उतार ४ यायला हवा. १२ व्होल्ट, २१ वॅटचा गाडीचा दिवा. थंड रोध R₀ सुमारे ०.५ ओहम, मल्टिमीटरच्या वायरींचा रोध त्यातच मिसळतो, म्हणून तो चार वायरींनी (दोन प्रवाहासाठी, दोन व्होल्टेजसाठी), २० मिलिॲम्पिअरवर मोजलाय. तापमान T = ३००(R/R₀)^०.८३ केल्विन, R म्हणजे तापलेल्या तारेचा रोध.

log P–log T चा उतार २००० केल्विनच्या वर ४.६ येतो. R₀ मधली चूक सगळी T एकाच पटीत हलवते, उतार नाही. त्यामुळे संशय उत्सर्जकतेवर (आदर्श कृष्णवस्तूच्या तुलनेत पृष्ठभाग किती प्रारण सोडतो ते गुणोत्तर): टंगस्टनची एकूण उत्सर्जकता २००० केल्विनला ०.२६, ३००० ला ०.३३.

१००० केल्विनखाली वायू आणि आधारतारांतून जाणारी उष्णता b(T−३००) धरली (b हा स्थिरांक), तर b आणि उत्सर्जकता एकमेकांत अडकतात. b वेगळा कसा काढावा? कृपया कुणी सांगाल का?