मदत हवी आहे : तान्ह्या पोळ्याला हा पिक्चर लावावा का?

नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. तान्ह्या पोळ्याच्या रात्री समाजमंदिरासमोर पडदा लावून गावाला पिक्चर दाखवायचा आहे. सोयाबीन पिवळं पडून राहिलं, लोकं चिंतेत आहेत. दोन घटका पोटभर हसावं, एवढंच मनात आहे.

पोरांनी 'मालामाल वीकली' सुचवला. प्रियदर्शनचा, २००६ चा. परेश रावल लॉटरीवाला, ओम पुरी, आणि आपला रितेश. खेड्यातल्या एका गड्याला १ कोटीची लॉटरी लागते, तो तिकीट हातात धरूनच मरतो, अन् त्या पैशापायी अख्खं गाव कामाला लागतं. मला फार आवडतो. माझे बाबा लॉटरीची तिकिटं पंचांगात घडी घालून ठेवायचे, निकालाचा पेपर बघायला एसटी स्टँडवर जायचे. लागली कधीच नाही, पण त्या दिवशी घरी भजी व्हायची.

अडचण अशी की आमच्या गल्लीत महिन्याभरापूर्वी मयत झाली. त्या घरची आजी पहिल्या रांगेत बसते. पिक्चरमधली बरीचशी गंमत तर प्रेतावरूनच आहे. तिच्या जिवाला लागेल का जी? ज्यांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांसोबत पाहिला, त्यांनी खरं सांगा. मध्येच रेंगाळतो असंही काहीजण म्हणतात, लहान पोरं तिथं झोपतील का?

गरिबाचं नशीब उघडणारा, पण मरणाशिवायचा दुसरा विनोदी पिक्चर असेल तर नाव कळवा. मराठी असला तर आणखी चांगलं.