मदत हवी आहे: क्रू एस्केप सिस्टीमचं मॉडेल, पॅराशूट उघडतच नाहीये

नमस्कार मंडळी, ठाण्यात वसंत विहारला राहतो, मुलगी आठवीत, शनिवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि बाईसाहेबांनी विषय घेतलाय इस्रोच्या गगनयान या मानवी अंतराळ मोहिमेची टीव्ही-डी1 (टेस्ट व्हेइकल) चाचणी. 21 ऑक्टोबर 2023 ची ती, श्रीहरिकोट्याहून, आत माणूस नाही, काउंटडाउन 5 सेकंदांवर येऊन थांबलं होतं आणि मग 10 वाजता उडालं, आठवतंय ना? साधारण 12 किमीवर एस्केप सिस्टीमने (संकटात अंतराळवीरांना वाचवणारी यंत्रणा) मॉड्यूल, म्हणजे अंतराळवीर बसायची कुपी, रॉकेटपासून ओढून काढलं आणि ते पॅराशूटने समुद्रात उतरलं.

आता आमचं रॉकेट म्हणजे पीव्हीसी पाइप, मॉड्यूल म्हणजे आइस्क्रीमचा कप, आत बॉलपेनच्या स्प्रिंगा. कप उडतो झकास, पण जुन्या छत्रीच्या कापडाचं पॅराशूट दोऱ्यात गुंततं आणि कप धप्पकन खाली, काल थेट आमटीत पडला (बायको अजून बोलत नाहीये).

घडी कशी घालायची? खऱ्यासारखं आधी छोटं ड्रोग (वेग कमी करणारं पॅराशूट) आणि मग मोठं असं जमेल का, की एकच पुरे? आणि हलकं नायलॉन जांभळी नाक्याला सुटं मिळतं का कुठे? उद्या संध्याकाळी जाईन म्हणतोय.