प्रोजेक्टमधली जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) घ्यावी का? माझं मत: पीएचडीच्या नोंदणीशिवाय नाही

कर्वे_रस्ता
पुण्यातल्या तंत्र विद्यापीठांत प्रोजेक्ट जेआरएफची जाहिरात आली की एम.टेक. झालेली मुलं महिन्याचे ३७,००० रुपये (१ जानेवारी २०२३ पासूनचा दर) आणि वर घरभाडं बघून लगेच अर्ज करतात. जाहिरातीची शेवटची ओळ कुणी वाचत नाही: ‘पद तात्पुरते, प्रकल्पाबरोबर संपुष्टात येईल.’

हिशोब मांडा. प्रकल्प ३६ महिन्यांचा, तुम्ही रुजू झालात पंधराव्या महिन्यात. उरले २२. पीएचडीची नोंदणी व्हायला सहा महिने गेले, की पैशांचे १६ च राहिले. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन वर्षं लागतात. मधले २० महिने भागवायचं कशावर? नोंदणी हातात असल्याशिवाय ही जागा घेऊ नये.

वेताळ_टेकडी
अजिबात पटलं नाही. प्रवेश काही रोज उघडे नसतात. तोवर घरी बसून काय साधतं? प्रोजेक्टमध्ये उपकरणावर हात बसतो, विषय नक्की होतो, मुलाखतीत बोलायला स्वतःची मोजमापं असतात. जून २०२४ पासून नेटचे (यूजीसीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे) गुण पीएचडी प्रवेशाला चालतात, ७० टक्के भार त्यांचा आणि ३० टक्के मुलाखतीचा. त्या ३० टक्क्यांत प्रोजेक्टवालाच पुढे असतो. शिवाय १६ महिन्यांनी सगळं थांबतं असंही नाही, गाईड दुसऱ्या प्रकल्पावर घेऊ शकतात.

कर्वे_रस्ता
‘घेऊ शकतात’ यावर तीन वर्षं टाकायची? प्रकल्पाच्या निधीचा पुढचा हप्ता खर्चाचा हिशोब आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) गेल्याशिवाय सुटत नाही. ते कागद रखडले की फेलोशिप दोन-दोन महिने अडकते, तीही प्रकल्प चालू असताना.

सिंहगड_पायथा
हप्ते रखडतात हे खरंच. पण मला त्याहून मोठी अडचण वेगळी दिसते. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चारच पीएचडी विद्यार्थी घेता येतात. गाईडकडे जागाच शिल्लक नसेल तर दोन वर्षं काम करूनही नोंदणी त्यांच्याकडे होणार नाही. मुलाखतीतच विचारावं: प्रकल्पाच्या मंजुरीपत्रावर सुरुवातीची तारीख कुठली? तुमच्याकडे पीएचडीच्या किती जागा रिकाम्या? ही दोन उत्तरं नीट मिळाली तर मी नोंदणीआधीही रुजू व्हा म्हणेन.

लक्ष्मी_रोड
जर्मनीतल्या तंत्र विद्यापीठाच्या पगारी जागांकडे वळणाऱ्यांनीही हेच बघावं. तिथेही नोकरीचा करार वेगळा आणि डॉक्टरेटसाठीची स्वीकृती वेगळी. ई-१३ ही तिथली सरकारी वेतनश्रेणी दिसली तरी जागा ५०, ६५ की १०० टक्के ते वाचा, पगार त्याच प्रमाणात मिळतो.

वेताळ_टेकडी
सिंहगड_पायथा, तारखेचा प्रश्न मान्य. रिकाम्या जागेचा नाही. आज भरलेली जागा कुणाचा प्रबंध सादर झाला की मोकळी होऊ शकते. विचारायचं तर ‘यंदा कोण सादर करतंय?’ हे विचारा.