आधी परतीचा रस्ता शिकवा, मग कमांड! नेटवर्कमधले बदल हाताळायचं प्रशिक्षण सोलापुरात हवं की नको?

टॉवेलगल्ली (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमध्ये मी स्वतः घाण करून ठेवली, तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. गोडाऊनला नवे कॅमेरे लागले. त्यांच्यासाठी व्हीलॅन ४० (त्याच स्विचवरचं वेगळं, नंबर दिलेलं आभासी नेटवर्क) मुख्य स्विचच्या ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीवर, चढवायचा होता. दोन मिनिटांचं काम. संध्याकाळी साडेसहाला, खाली ट्रक भरणं चालू असताना, मी ऑफिसात बसून 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०' टाइप केलं आणि एंटर मारलं.

मधला 'ॲड' राहिला. सिस्कोच्या स्विचवर तो शब्द राहिला की व्हीलॅन यादीत वाढत नाही, आधीची अख्खी यादी पुसली जाते आणि एकटा ४० उरतो. बारकोडचे प्रिंटर गेले, वजनकाट्याचा कॉम्प्युटर गेला. माझा मॅनेजमेंट व्हीलॅन, म्हणजे स्विचमध्ये शिरायची वाट, त्याच ट्रंकवरून जात होता, म्हणजे दुरुस्त करायला मीही आत शिरू शकेना. बसलो होतो तीच फांदी तोडली. स्विचला थेट जोडायची कन्सोल केबल कुठंय, कुणाला ठाऊक नाही. शेवटी टॉवेलच्या गठ्ठ्यांमागे सापडली. चाळीस मिनिटं ट्रक उभा, ड्रायव्हर दोनदा चहा पिऊन आला.

मी सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) केलंय. ही कमांड मला झोपेतही येते. पण त्या परीक्षेच्या सहा विभागांत 'बदल कसा करावा' असा विभागच नाही, आणि मी ज्या क्लासला गेलो तिथंही कुणी हा विषय काढला नाही. आधी चालू कॉन्फिग (स्विचची सेटिंग्ज) काढून ठेव, काय बिघडू शकतं ते लिही, परत कसं यायचं ते ठरव, झाल्यावर प्रिंटरवाल्याला विचारून ये. 'रिलोड इन १०' आधी मारून ठेवलं असतं, तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या जुन्या कॉन्फिगवर आला असता. जुनिपर कंपनीच्या स्विचवर 'कमिट कन्फर्म्ड' हेच काम रीस्टार्ट न करता करतं. माझं म्हणणं, कमांडच्या आधी महिनाभर हेच शिकवा.

केबलवाला_जुळे_सोलापूर

काय सांगलालाव मालक! माझ्याकडे तीसेक गिऱ्हाइकं. दोन लॉज, एक मंगल कार्यालय, बाकी दुकानं. लॉजमालकाला सांगू का, 'साहेब, बदलाचा फॉर्म भरा, जोखीम मध्यम'? तो म्हणेल, वायफाय चालू करतोस का दुसऱ्याला बोलावू. हे सगळं मोठ्या कंपन्यांचं. तुझा एक शब्द राहिला, आता जन्मात राहणार नाही. यालाच प्रशिक्षण म्हणतात बे, आणि तेही फुकट.

टॉवेलगल्ली

फुकट कुठलं? चाळीस मिनिटं शेठची गेली, माझी नाही.

रात्रपाळी_हिंजवडी

मूळचा सोलापूरचा, सध्या पुण्यात मोठ्या नेटवर्कवर रात्रपाळी. तू म्हणतोस ते सगळं आमच्याकडे आहे, म्हणून सावध करतो. दर आठवड्याला बदलांची मीटिंग. वीस-पंचवीस जण, सगळ्यांचे माईक बंद, 'अप्रूव्ह'. रोलबॅकच्या (परतीच्या रस्त्याच्या) रकान्यात निम्मे लोक 'जुनं कॉन्फिग परत टाकणे' एवढंच लिहितात, तेही मागच्या टिकिटावरून उचललेलं. आयटीआयएल (आयटी सेवा सांभाळायच्या पद्धतींचा संच) फाउंडेशनची परीक्षा म्हणजे ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर आले की पास. स्विचला बोटही लावावं लागत नाही.

आणि कागद भरला म्हणून नेटवर्क वाचत नाही. कॅनडातल्या रॉजर्स या टेलिकॉम कंपनीचं ८ जुलै २०२२ला काय झालं? सात टप्प्यांचं काम होतं. सहाव्या टप्प्यात राउटरवरचा एक फिल्टर काढला, रूट्सचा (डेटाच्या वाटांच्या माहितीचा) लोंढा कोअर, म्हणजे मधल्या मुख्य, राउटरवर आला आणि १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहकांची सेवा गेली. प्रक्रिया होतीच की. आधीचे टप्पे सुखरूप गेले म्हणून त्याच प्रक्रियेनं जोखीम 'जास्त'वरून 'कमी'वर आणून ठेवली होती.

वॉर्ड_ते_रॅक

दादा, रॉजर्सची पुढची गोष्टही सांगा की. त्यांच्या इंजिनिअरांना स्वतःच्याच यंत्रणेत शिरता येईना, कारण मॅनेजमेंटचं नेटवर्क त्याच कोअरच्या भरवशावर होतं. टॉवेलगल्ली, तुझं दुखणं आणि त्यांचं दुखणं एकच. ही गोष्ट क्लासात कुणी शिकवली असती, तर बदलाच्या आधी तू कन्सोल केबल शोधली असतीस.

मी एका खाजगी हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळते. मीटिंग-बिटिंग नाही. रॅकच्या दाराला सुतळीनं एक दोनशे पानी वही बांधली आहे, पेनसकट. 'पोर्ट १७, वॉर्ड ३, नवा कॅमेरा, आधी बंद होता, आता चालू, सही.' नेहमीच्या कामाला एवढं पुरे. आयसीयूच्या स्विचला हात लावायचा तर सिस्टरना आधी सांगायचं, वेळ त्या देतील ती, आणि परतीचा रस्ता लिहिल्याशिवाय नाही. आग लागली असेल तर आधी विझवा, वही नंतर भरा, पण त्याच दिवशी. आयटीआयएलमध्ये हेच तीन प्रकार आहेत: स्टँडर्ड, नॉर्मल, इमर्जन्सी. चौथ्या आवृत्तीत त्यांनी नावही 'चेंज एनेबलमेंट' केलं. अडवण्यापेक्षा वाट करून द्यायची, असा अर्थ. पुण्याच्या मीटिंगमध्ये तो पोचला नसेल तर दोष पुस्तकाचा नाही.

केबलवाला_जुळे_सोलापूर

वही मान्य, ताई. क्लास नाही. आणि त्या 'रिलोड इन १०'चं फार कौतुक नको. बदल बरोबर झाला, तेवढ्यात चहा आला, 'रिलोड कॅन्सल' मारायचं राहिलं, की सगळं सुरळीत चालू असताना स्विच आपोआप बसतो. त्याला जोडलेलं सगळं घेऊन. अक्कल लागते, ती शिकवून येत नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत लॉज भरलेले असतात, त्या दिवसांत मी एकाही लॉजच्या स्विचला हात लावत नाही. हे मला कुठल्या सरांनी सांगितलं?

वॉर्ड_ते_रॅक

याला चेंज फ्रीझ म्हणतात, दादा. तुमचं प्रशिक्षण झालेलं आहे, फीची पावती तेवढी नाही. पण तुमच्या हाताखाली जो पोरगा शिडी धरतो, त्याला हे कोण सांगणार? तो यात्रेतच फर्मवेअर अपडेट करेल.

केबलवाला_जुळे_सोलापूर

केलाय त्यानं. मागच्या वर्षी. विषय नको.

मागावरचा

माझे वडील यंत्रमागावर होते. चादरीचं नवं डिझाइन जॅकार्डवर चढवलं की आधी हातभर विणून शेठना दाखवायचे, मग पुढचं. अख्खा बीम विणून झाल्यावर फूल उलटं दिसलं तर ती चादर कोण घेणार?

केबलवाला_जुळे_सोलापूर

चादर उसवता येत नाही, कॉन्फिग येतं.

टॉवेलगल्ली

केबल सापडली तर.

शेवटचं_वर्ष

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका क्लासनं चेंज मॅनेजमेंटच्या (बदल हाताळायच्या) कोर्सचे ३५ हजार सांगितलेत, सर्टिफिकेटसह. घेऊ का?

रात्रपाळी_हिंजवडी

आत्ता नको. एचआरच्या चाळणीतून जायला कागदाचा उपयोग होतो, खोटं कशाला बोलू, पण पहिली नोकरी त्यावर मिळत नाही. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर (कॉम्प्युटरवरच नेटवर्क जोडून बघायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे. त्यात दोन स्विच जोड, धागाकर्त्यानं केली तीच चूक मुद्दाम कर, आणि परत ये. किती वेळ लागला ते लिही. दहाव्यांदा कर. मग कॉम्पटियाच्या नेटवर्क प्लस परीक्षेचा अभ्यासक्रम चाळ, त्यात चेंज मॅनेजमेंट आहे, तेवढं वाच. पैसे उरले तर आम्हाला भाकरी आणि शेंगा चटणी चार.

माझा विरोध शिकवण्याला नाही, सर्टिफिकेटला आहे. वरचं वाचून वाटलं, हे स्पष्ट करावं.

टॉवेलगल्ली

मग आपलं भांडण अर्ध्यावर आलं. रविवारी युनिट बंद असतं. दोन जुने स्विच टेबलावर लावतो. ज्याला तोडून जोडायचं आहे त्यानं दहाला यावं. फी नाही, चहा माझा. केबलवाले, तुम्ही पोराला घेऊन या.

केबलवाला_जुळे_सोलापूर

पोराला पाठवतो. मीपण येतो, पण शिकायला नाही, बघायला. आणि कन्सोल केबल माझी आणतो. तुझी परत गठ्ठ्यामागं गेली असणार.